शाळेतली खिचडी पातळ होते तेव्हा पालकाने आधी काय पाहायचं

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. तो आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जालना जिल्ह्यातले. गावातली जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, पट ४८, रोज हजर साधारण ४० मुलं. मुलगी तिसरीत आहे. दुपारची खिचडी इतकी पातळ असते की डाळ शोधावी लागते. ती दोन घास खाऊन ताट सारते आणि घरी आल्या आल्या भाकरी मागते. सर म्हणतात, वरूनच माल येत नाही. स्वयंपाकाच्या बाई, त्याही एकट्याच, म्हणतात की मला जेवढं काढून देतात तेवढं मी शिजवते. यंदा तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आलात. घरी केशरी कार्ड आहे, त्यावर धान्य मिळत नाही, म्हणून मुलीचं हे एक वेळचं जेवण तुम्हाला सोडून द्यायचं नाही. तक्रार कुठे करू आणि तोवर डबा देऊ का, हे तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका, आणि निवृत्त होताना केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी. १९९५ साली शालेय पोषण आहाराची ही योजना आली तेव्हा आम्ही शिजवत नव्हतो. ८० टक्के हजेरी असेल त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ वाटत होतो. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्यायचं असा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांत चुली पेटल्या. तेव्हापासून हे काम मी तिन्ही बाजूंनी पाहिलंय: माल उतरवून घेणारी म्हणून, हिशेब लिहिणारी म्हणून आणि दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी म्हणून.

त्यावरून सांगते, "तक्रार कुठे करू" हा तुमचा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न, पाणी नेमकं कुठे मुरतंय? पातळ खिचडीची कारणं तीनच ठिकाणी सापडतात. माल शाळेपर्यंत पूर्ण पोचत नाही. किंवा पोचतो, पण पातेल्यात पूर्ण पडत नाही. किंवा पातेल्यात पडतो, पण मुलांच्या पोटात जात नाही. तिन्हींचा इलाज वेगळा आणि जबाबदार माणूसही वेगळा. हे न शोधता नुसतं "शाळेचा आहार निकृष्ट" असं लिहून दिलं, तर चौकशी येते आणि सगळ्यांत कमजोर माणसावर थांबते. म्हणजे स्वयंपाकाच्या बाईंवर. त्यांना बदलतात, दुसऱ्या येतात आणि खिचडी होती तशीच राहते. असं होताना मी पाहिलंय, म्हणून आधीच सांगते.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे शाळेतच शिजतं, म्हणून पुढचं सगळं लागू पडेल. मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येतात. तिथे पालकाला पातेल्याजवळ उभं राहता येत नाही. तिथे डबा किती वाजता आला, उघडला तेव्हा गरम होता का आणि शेवटच्या मुलापर्यंत पुरला का, हे पाहायचं.

आता आकडे. हे एकदा पाठ झाले की कुणी तुम्हाला गोल गोल उत्तर देऊ शकणार नाही. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. तुमच्या ४० मुलांना म्हणजे ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. यातून लहान मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. त्यातली सात-आठ ग्रॅम प्रथिनं तांदळातूनच येतात आणि उरलेली जवळजवळ सगळी त्या २० ग्रॅम डाळीतून. म्हणून डाळ अर्धी झाली तर पोट भरल्यासारखं वाटतं, मूल तक्रारही करत नाही, पण वाढीला जे लागतं तेच ताटातून गेलेलं असतं. डाळ दिसत नाही हे तुम्ही बरोबर हेरलंत. तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

पैशांचंही सांगून टाकते. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकीच्या सामानाचा आणि इंधनाचा खर्च मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा ठरलाय. ४० मुलांचे होतात २७१ रुपये २० पैसे. एवढ्यात डाळ, तेल, मीठमसाला, भाजी आणि गॅस. आपल्या राज्यात ग्रामीण भागात डाळ-तेल-मसाल्याचा भाग माल पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून वस्तूंच्या रूपात येतो आणि भाजी-इंधनाचा भाग शाळेच्या खात्यावर. हा दुसरा भाग बहुतेक वेळा उशिरा येतो आणि तोवर मुख्याध्यापक किराणा दुकानात आणि गॅसवाल्याकडे उधारी करतात किंवा पदरचे घालतात. सरांवर राग काढण्याआधी त्यांची किती महिन्यांची रक्कम थकलीय हे एकदा विचारा. प्रामाणिक माणूसही अशा वेळी हात आखडता घेतो आणि पहिला कट भाजीवर बसतो.

आता पहिलं ठिकाण: माल शाळेत किती आला? "वरून माल येत नाही" हे खरंही असू शकतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे तपासता येतं. ठेकेदाराची गाडी येते तेव्हा पोहोच पावतीवर मुख्याध्यापकांची सही होते. त्या पावत्या आणि साठा नोंदवही समितीच्या सदस्याला पाहता येते. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत ते यासाठीच. मागच्या तीन-चार खेपांच्या पावत्या मागा आणि दोनच गोष्टी पाहा. मूगडाळ, तूरडाळ, मटकी, वाटाणा, हरभरा यांतलं काय आणि किती आलं, आणि कोणत्या तारखेला आलं. कित्येकदा एकूण वजन बरोबर असतं, पण डाळ मागणीपेक्षा महिनाभर उशिरा आलेली असते आणि मधले दिवस नुसत्या तांदळावर गेलेले असतात.

याच ठिकाणी आणखी एक पाहा, माल मोजून घेतला जातो का? गाडी भर वर्गाच्या वेळेत येते, ड्रायव्हरला पुढच्या चार शाळा करायच्या असतात, सर फळ्याजवळ असतात. गोणी ५० किलोची म्हणून सही होते. तिच्यात ४७ किलो निघाले तरी नंतर कुणाला सांगणार? मी शाळेवर होते तेव्हा पावतीवर सही करण्याआधी गोणी काट्यावर टाकायचीच हा नियम ठेवला होता. काटा नव्हता तर गावातल्या खतविक्रेत्याकडून आणायचो. ड्रायव्हर कुरकुर करायचा, पण काटा पाहिला की गोण्याही भरलेल्या यायच्या. तुमच्या समितीने एवढा एकच ठराव केला, की माल उतरताना एक पालक हजर राहील आणि वजन करूनच पावतीवर सही होईल, तरी बराच फरक पडेल.

माल खरंच आलेला नसेल तर काय, हेही कायद्यात आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आणि त्याखालचे मध्यान्ह भोजनाचे नियम २०१५ चे. त्यात म्हटलंय की धान्य किंवा पैसे तात्पुरते आले नाहीत, तर मुख्याध्यापकांनी शाळेकडे असलेला दुसरा निधी वापरून जेवण चालू ठेवावं. रक्कम आली की तो भरून घेता येतो. अनेक मुख्याध्यापकांना हे माहीत नसतं किंवा पुढे हिशेबात अडकू म्हणून ते घाबरतात. समितीने लेखी ठराव दिला तर त्यांना आधार मिळतो. याच नियमांत असंही आहे की धान्य, खर्चाचे पैसे, इंधन नाही किंवा स्वयंपाकी आले नाहीत म्हणून जेवण झालं नाही, तर त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे हक्काचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलांना द्यायचा. लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची. जेवण बंद असलेल्या दिवसांची तारीखवार नोंद तुम्ही वहीत ठेवलीत तर हे कलम कामाला येतं. तोंडी सांगितलेले दिवस कुणी मोजत नाही.

दुसरं ठिकाण पातेलं. इथे मी तुम्हाला शाळेत जायला सांगणार आहे, तेही सकाळी, तांदूळ काढायच्या वेळी. न कळवता छापा घालायला नको. सरांना सांगून जा. "समितीवर आलोय, आहार कसा होतो ते शिकायचंय" असं म्हणा, कारण ते खरंच आहे. साखळी तीन कड्यांची असते: हजेरी घेऊन आकडा सांगितला जातो, त्याप्रमाणे कोठीतून सामान काढलं जातं आणि मग शिजतं. गळती बहुधा पहिल्या दोन कड्यांत असते. आज ४० हजर म्हणून ४ किलो तांदूळ नोंदला, तर ८०० ग्रॅम डाळ प्रत्यक्ष मोजून निघाली का? बहुतेक शाळांत काटा नसतो, एक जुना डबा किंवा मापटं असतं. त्या मापट्यात डाळ किती मावते ते एकदा काट्यावर पाहून डब्यावर रंगाने लिहून ठेवा. अंदाजाने काढणाऱ्या हाताला "थोडी राखून ठेवावी, पुढची खेप कधी येईल काय माहीत" ही सवय लागलेली असते. त्यामागे चोरी असतेच असं नाही, बऱ्याचदा धास्ती असते. परिणाम मात्र तोच.

हजेरीबद्दल स्पष्ट बोलते, कारण हे झाकून उपयोग नाही. काही शाळांत प्रत्यक्ष जेवणाऱ्यांपेक्षा जास्त आकडा ऑनलाइन भरला जातो. कधी भाजी-गॅसच्या पैशांचा मेळ बसावा म्हणून, कधी वाईट हेतूने. तसं होत असेल तर कागदावर डाळ संपलेली असते आणि कोठीत एक तर शिल्लक सापडते किंवा ती कुठे गेली याचं उत्तर नसतं. तपासायची सोपी रीत म्हणजे नोंदवहीतली शिल्लक आणि कोठीतली शिल्लक एकाच दिवशी समोरासमोर मोजणं. हे समितीच्या बैठकीच्या दिवशी, सगळ्यांदेखत आणि सरांच्या हातूनच करा. तफावत निघाली तर ती इतिवृत्तात लिहा, आरोप लिहू नका. आकडा स्वतःच पुरेसं बोलतो.

शिजवण्याचंही एक शास्त्र आहे आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण अधिकारी हे पाहत नाहीत. ४ किलो तांदूळ आणि ८०० ग्रॅम डाळ नीट शिजली तर साधारण १५ ते १६ किलो खिचडी होते. प्रत्येक ताटात पावणेचारशे-चारशे ग्रॅम. डाव उलटा केला तर ती सावकाश घसरायला हवी. पाण्यासारखी ओघळत असेल तर सामान कमी पडलंय किंवा पाणी जास्त झालंय, आणि सामान मोजून टाकलेलं तुम्ही पाहिलं असेल तर उत्तर लगेच मिळतं. मटकी, हरभरा, वाटाणा हे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. बाई सकाळी दहाला येत असतील तर भिजवणार कोण? मग ते कच्चट राहतात, मुलं वेचून बाजूला काढतात आणि "मुलांना कडधान्य आवडत नाही" असा शेरा तयार होतो. आमच्याकडे शाळा सुटताना पाचवीच्या मुलांसमक्ष बाई दुसऱ्या दिवसाचं कडधान्य मोजून भिजवायच्या. त्यामुळे मोजणीला साक्षीदारही मिळायचे. तुमच्या भागात बोअरचं पाणी जड असतं, त्यात डाळ शिजता शिजत नाही. सोडा टाकला की शिजते, पण त्याने ब जीवनसत्त्व जातं. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी निदान शिजवण्यापुरतं मिळवता आलं तर पाहा.

तांदळाबद्दल गावात एक भीती असते, तुमच्याकडेही कुणी बोललं असेल: "शाळेत प्लास्टिकचा तांदूळ येतो." २०२१-२२ पासून योजनेत लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेला पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला. तांदळाच्या पिठात ही द्रव्यं मिसळून पुन्हा दाण्याच्या आकाराचे कण करतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. हे कण रंगाने किंचित वेगळे दिसतात आणि धुताना कधी वर तरंगतात. आया ते प्लास्टिक समजून निवडून फेकतात. म्हणजे मुलांसाठी मुद्दाम घातलेलं तेवढंच नेमकं उकिरड्यावर जातं. तांदूळ एकदा-दोनदा हलक्या हाताने धुवावा, निवडून दाणे काढू नयेत. समितीच्या बैठकीत आयांना हे दाखवून सांगा. ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं पटतं.

आता बाईंबद्दल. २५ मुलांपर्यंत एक आणि २६ ते १०० मुलांना दोन स्वयंपाकी-मदतनीस असा निकष आहे. तुमचा पट ४८, म्हणजे दोन जागा हव्यात. एकच का आहेत, हे बैठकीत विचारा. जागा रिकामी आहे, की दुसरी कागदावरच आहे? एकट्या बाईने पाणी भरायचं, भाजी चिरायची, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची आणि कोठी झाडायची, मग खिचडीशिवाय दुसरं काही होणं अवघडच. त्यांना महिन्याला २,५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने, आणि तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. एवढ्या पैशांत कुणी इतकं काम करतंय तर गावाने त्या बाईला मान द्यायला हवा. तुमच्या पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात येऊ द्या. "मला जेवढं काढून देतात" हे त्यांचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. ते बोलायला धाडस लागतं, आणि ते बोलल्याबद्दल त्यांचं काम जाणार नाही हे पाहणं आता तुमच्याकडे आहे.

तिसरं ठिकाण ताट. समजा माल आला, मोजून पडला, नीट शिजला, तरी मुलगी खात नसेल तर? कारणं बारीक असतात. एकाच पातेल्यात पहिलीची आणि पाचवीची मुलं जेवतात. तिखट पाचवीच्या जिभेला जमतं, पहिलीच्या नाही. हात धुवायला पाणी नसतं. मधली सुट्टी आखूड असते आणि वाढणी संपेपर्यंत घंटा होते. शेवटच्या रांगेतली मुलं घाईने दोन घास खातात. रोज तीच पिवळी खिचडी असते. जेवण झाल्यावर ताटात आणि उष्ट्याच्या बादलीत काय उरलंय ते पाहा. नुसता भात उरला तर चव किंवा तिखटाचा प्रश्न, कडधान्य उरलं तर शिजण्याचा, आणि सगळ्या ताटांत थोडं थोडं उरलं तर वेळेचा. २०२४ च्या जूनमध्ये शासनाने १५ पाककृतींची यादी दिली होती. त्यात मूग-शेवगा वरण-भात, मोड आलेल्या मटकीची उसळ, सोयाबीन पुलाव असं बरंच होतं. नंतर त्यात फेरबदल झाले, म्हणून सध्याची यादी शाळेकडून घ्या आणि भिंतीवर लावायला सांगा. शेवगा तर तुमच्या प्रत्येकाच्या बांधावर असेल. शाळेच्या आवारात दोन झाडं आणि सांडपाण्यावर पालक-मेथीचा वाफा, एवढ्या परसबागेनेही भाजीचा रोजचा प्रश्न निम्मा सुटतो.

अंड्याचं विचाराल म्हणून सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू झालं होतं. २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. मला हा निर्णय पटलेला नाही. ज्या गावात लोकसहभाग उभा राहतो तिथली मुलं घरीही थोडीफार अंडी खातात, आणि जिथे खरी गरज आहे तिथे लोकांकडेच नसतं. पण हातात आहे ते वापरावं. योजनेत स्नेहभोजनाची सोय आहे: कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, त्या दिवशी शाळेला एक पदार्थ जास्तीचा. ४० अंडी हा गावाला जड जाणारा खर्च नाही. फक्त तो रोजच्या आहाराच्या वर हवा, त्याच्या बदल्यात नको.

एक गोष्ट मात्र तडजोड न करता पाहा. वाढण्याआधी शिक्षकाने आणि दोघा-तिघा मोठ्या माणसांनी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची असा नियम आहे. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. शेतकऱ्यांच्या गावात अशी औषधं घरोघरी असतात आणि रिकामे डबे कुठेही वापरले जातात. शाळेच्या कोठीत फवारणीचं काहीही, रिकामा डबासुद्धा, असता कामा नये. मुलांना वाढण्याआधी चव ही सही करण्यापुरती नसून खरोखर घेतली जातेय का, ते पालकांनी पाळी लावून पाहावं.

इथवर सांगितलेलं क्रमाने धरा. आधी पावत्या आणि वजन, मग कोठी आणि मापटं, मग ताट. दोन-तीन आठवडे नीट पाहिलंत तर पाणी कुठे मुरतंय ते कळेल. त्यानंतर तक्रार, आणि तीही पायरीपायरीने. पहिल्यांदा समितीच्या बैठकीत विषय, आकड्यांसह ठराव आणि त्याची प्रत. त्याने भागलं नाही तर केंद्रप्रमुखांना लेखी. मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि तिथले शालेय पोषण आहाराचे अधीक्षक. माल कमी येतोय असं निघालं तर थेट याच टप्प्यावर जा, कारण ठेकेदाराशी मुख्याध्यापक भांडू शकत नाहीत, तालुका आणि जिल्हा भांडू शकतो. पुढे जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आणि अन्न सुरक्षा कायद्याखालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. अर्जात "निकृष्ट" असा शब्द टाकून भागत नाही; "अमुक तारखेला ४० मुलांना ८०० ऐवजी ४५० ग्रॅम डाळ निघाली, समितीचे हे सदस्य हजर होते" असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आता तुमच्या कार्डाचं. केशरी कार्ड असूनही धान्य मिळतं, पण प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव असेल तरच. ग्रामीण भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे, शहरात ५९,०००. नाव असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. अडचण अशी की राज्याला, आणि पुढे प्रत्येक तालुक्याला, लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना द्यायचं तो आकडा, ठरवून दिलाय आणि तो २०११ च्या जनगणनेवर आहे. म्हणून पात्र असूनही नाव चढत नाही. तरी उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. मयत किंवा गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी झाली की जागा होते आणि तेव्हा अर्ज दाखल असलेल्याचाच विचार होतो. शिवाय जालना हा त्या १४ जिल्ह्यांपैकी आहे जिथे केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी दर महिन्याला रोख रक्कम खात्यावर द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. तेव्हा ती १५० रुपये होती, २०२४ मध्ये १७० झाली. सातबारा तुमच्या नावावर असेल तर तुमचं कुटुंब त्या यादीत आहे का, ते पुरवठा शाखेत त्याच फेरीत विचारून घ्या. घरात दोन वर्षांचं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार वेगळा हक्क आहे. त्याला कार्डाचा रंग पाहत नाहीत.

राहिला डबा. तोवर मुलीला उपाशी ठेवा असं मी कशी म्हणेन? पण पोळी-भाजीचा पूर्ण डबा देऊ नका. एकदा चार घरचे डबे आले की पंगत दोन होतात, डबेवाली आणि खिचडीवाली. आणि गावात कोण कुणाच्या हातचं खातं हा प्रश्न त्याच्या आडून हळूच शाळेत शिरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यायला सांगितलं ते याच पंगतीसाठी. शिवाय समितीच्या सदस्याचीच मुलगी डबा आणते म्हटल्यावर तुमच्या ठरावाला कोण विचारणार? सकाळी शाळेत जाताना भाकरीबरोबर वाटीभर दाटसर वरण किंवा मूठभर शेंगदाणे द्या, आणि खिचडीबरोबर तोंडी लावायला एका छोट्या डबीत शेंगदाण्याची चटणी, चार जणींना पुरेल एवढी. पंगतीत बसून ती चार घास जास्त खाईल. पावत्या मिळाल्या की त्यांतले डाळीचे आकडे आणि तारखा इथे लिहा; हिशेब कुठे अडलाय ते मी बघून सांगते.